वजनकाट्याला न कळणारी गोष्ट

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



लंबोदराच्या मांडवात उभं राहून पोटाच्या घेराबद्दल बोलणं हे जरा धाडसाचंच आहे. पण बाप्पाच्या पोटात विश्व सामावलेलं असतं, आपल्या पोटात बहुतेक वेळा लुची आणि मिष्टी दोई असते, हा फरक लक्षात घेऊन त्याची आधीच क्षमा मागतो आणि विषयाला हात घालतो.

मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांच्या देखभालीत वीसेक वर्षं घालवलेला माणूस आहे. त्यामुळे औषधपाणी, पथ्य यांबद्दल काही सांगण्याचा मला अधिकार नाही. मोजमाप मात्र माझा रोजचा धंदा आहे. माप कसं घ्यावं, किती विश्वासाने घ्यावं आणि त्यावरून काय ठरवावं, एवढंच मी बोलणार आहे. मोजायची वस्तू या वेळी रूळ नसून आपलं शरीर आहे, इतकंच.

हा विषय निवडायला एक कारण घडलं. आमच्या खात्यातला एक सहकारी आहे. वय चाळिशीच्या थोडं पुढे, अंगाने सडपातळ. हातपाय काटकुळे, शर्ट बाहेर सोडला तर पोट दिसणारही नाही. आमच्यात कुणी जाड माणूस गोड खायला लागला की त्याला टोकणारा हाच. नेमेप्रमाणे होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या रक्तात साखर निघाली, आणि तीही बरीच वाढलेली. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘पण मी तर बारीक आहे!’’ या एका वाक्यात आपल्या सगळ्यांचा गैरसमज आला आहे. बारीक असणं आणि अंगात चरबी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. त्यात दोघांचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच होता : २२.३. तक्त्यानुसार दोघेही अगदी व्यवस्थित. पण क्ष-किरणांच्या ‘डेक्सा’ तपासणीने चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर ‘वाय’, म्हणून हे उदाहरण ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने जगभर प्रसिद्ध झालं. स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून पुढे करणारा शास्त्रज्ञ आपल्या पुण्याचा, याचा मला फार अभिमान वाटतो.

हे असं का होतं, याचाही शोध याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला. १९९३ पासून त्यांनी तिथल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं चांगलीच लहान. पण कमतरता सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक आणि आतून चरबीदार, अशी ही घडण आपल्याकडे जन्मापासूनच दिसते. म्हणून ‘आमच्या घराण्यात कुणी जाड नाही’ या वाक्यावर निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेंके आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४२ मध्ये २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. वजनाच्या तक्त्यानुसार त्यांपैकी १७ जण ‘जादा वजनाचे’ म्हणून लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. पण पाण्याखाली वजन करून शरीराची घनता काढली, तेव्हा कळलं की ते वजन चरबीचं नव्हे, स्नायूंचं आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू पाण्यापेक्षा जड, आर्किमिडीजचंच तत्त्व. म्हणजे काटा धडधाकट खेळाडूला नापास करतो आणि आमच्या सडपातळ सहकाऱ्याला पास करतो.

दोष काट्याचा नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाची, १८३० च्या दशकातली. त्याला लोकसमूहाची सरासरी हवी होती, एकट्यादुकट्या माणसाचं आरोग्य नको होतं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिलं. एकाच आकड्यावर माणूस तोलू नये हे कोलकात्यात राहणाऱ्यांना तरी वेगळं सांगायला नको. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९२२ मध्ये याच शहरातल्या अँग्लो-इंडियन पुरुषांच्या शरीरमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली, आणि पुढे अनेक मापं एकत्र विचारात घेऊन तुलना करण्याची त्यांची पद्धत जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून शिकवली जाऊ लागली. त्या पद्धतीचा उगम शरीराच्या मोजमापातच आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही हेच सांगितलं, की लठ्ठपणा केवळ बीएमआयवरून ठरवू नका, सोबत कमरेचं माप घ्या किंवा चरबी प्रत्यक्ष मोजा.

मग घरी मोजायचं कसं? चार मार्ग आहेत, प्रत्येकाचा गुणदोष सांगतो.

पहिला, हल्ली बाजारात मिळणारा चरबी दाखवणारा वजनकाटा. त्यावर अनवाणी उभं राहिलं की तळपायातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह जातो. पाणी असलेल्या स्नायूंतून तो सहज वाहतो, चरबी त्याला अडवते. या रोधावरून काटा हिशेब करतो. पण प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, पोटाचा बराचसा भाग त्याला अंदाजानेच धरावा लागतो. शिवाय अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की आकडा बदलतो. कोलकात्याच्या मे महिन्यात लोकलमधून घामाघूम होऊन आलात आणि काट्यावर उभे राहिलात, तर तो आकडा चरबीचा कमी आणि घामाचा जास्त असेल. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्यांनी हा काटा वापरू नये.

दुसरा, कातडीचा चिमटा घेऊन जाडी मोजणारा कॅलिपर. १९७४ मध्ये डर्निन आणि वोमर्स्ली यांनी दंडाची पुढची व मागची बाजू, खांद्याचं पातं आणि कमरेच्या हाडावरची जागा अशा चार ठिकाणच्या मापांवरून चरबी काढायची रीत दिली. पद्धत चांगली आहे, पण मोजणाऱ्याचा हात बसलेला हवा. स्वतःच्या पाठीवर स्वतः चिमटा घेणं कुणालाच जमत नाही. पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेल्या चरबीपर्यंत चिमटा पोहोचत नाही, हेही आहेच.

तिसरा, शिंप्याची टेप आणि गणित. १९८४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन केंद्रातल्या हॉजडन आणि बेकेट यांनी हे सूत्र काढलं. लॉगचं बटण असलेला कॅलक्युलेटर पुरतो. फोनमध्येही तो असतो. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची. पुरुषांनी कंबर नाभीच्या पातळीवर मोजायची आणि मान कंठमण्याच्या लगेच खाली.

कमरेतून मान वजा करा, त्याचा लॉग घ्या आणि ०.१९०७७ ने गुणा. उंचीचा लॉग घ्या आणि ०.१५४५६ ने गुणा. १.०३२४ मधून पहिला आकडा वजा करा, दुसरा मिळवा. आलेल्या उत्तराने ४९५ ला भागा आणि त्यातून ४५० वजा करा. ही झाली चरबीची टक्केवारी.

माझंच उदाहरण घ्या. उंची १६८, कंबर ९२, मान ३७. वजाबाकी ५५. गणित केलं की उत्तर २४.० टक्के येतं.

स्त्रियांसाठी कंबर जिथे सर्वांत बारीक असते तिथे मोजायची आणि नितंबांचा सर्वांत मोठा घेरही घ्यायचा. कंबर अधिक नितंब उणे मान, याचा लॉग ०.३५००४ ने गुणायचा. उंचीचा लॉग ०.२२१ ने गुणायचा. सुरुवातीचा आकडा १.२९५७९. पुढचा भागाकार तोच. समजा उंची १५५, कंबर ८२, नितंब ९८, मान ३२, तर उत्तर ३५.२ टक्के. भगिनींनी हा आकडा ऐकून दचकू नये. स्त्रीच्या शरीराला निसर्गतःच पुरुषापेक्षा जास्त चरबी लागते, तेव्हा नवरा-बायकोने वह्या शेजारी ठेवून तुलना करू नये. साधारणपणे पुरुषांत २५ टक्क्यांच्या वर आणि स्त्रियांत ३० ते ३५ टक्क्यांच्या वर चरबी जास्त समजतात.

आता या सूत्राची मर्यादाही ऐका. ते अमेरिकी नौदलातल्या माणसांच्या मापांवरून बसवलेलं आहे. डेक्साशी ताडलं तर तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो, आणि आपली घडण वेगळी असल्याने आपल्याला थोडं जास्तच सावध राहायला हवं. टेप एक सेंटिमीटर सैल धरली तर माझ्या उदाहरणात उत्तर २४.० चं २४.७ होतं. म्हणून दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर ना आनंद मानावा, ना दुःख.

चौथा मार्ग सर्वांत सोपा, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत उपयोगाचा. टक्केवारी बाजूला ठेवा, फक्त कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडायचा आणि वाचायचं. आपल्या भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. हेही लक्षात राहत नसेल तर एक दोरी घ्या, आपल्या उंचीइतकी कापा आणि मध्यावर दुमडा. दुमडलेली दोरी कमरेभोवती पुरली पाहिजे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी, हा तो नियम.

पोटावर एवढा भर कशासाठी? दंडावरची चरबी आणि पोटाच्या आतली चरबी यांचा परिणाम सारखा नसतो. आतली चरबी यकृताच्या शेजारी असते, तिच्यातून स्निग्धाम्लं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अडतं. दुसरीकडे, जेवणानंतरची बरीचशी साखर उचलून नेणारे असतात स्नायू. चरबी जास्त आणि स्नायू कमी, म्हणजे आवक जास्त आणि गुदाम लहान. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. त्याच पाहणीत बीएमआयने लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के होते, तर पोटाच्या घेराने लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के. मधले जे ११ टक्के आहेत, त्यांच्यातली बरीच माणसं काट्यावर उभी राहून समाधानाने घरी जात असणार.

आता माझ्या धंद्याचा भाग. रुळांच्या कामात माप घेण्याचे काही दंडक आहेत. आपल्या ब्रॉड गेजमध्ये दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर. प्रत्येक ठिकाणी ते तंतोतंत तेवढं कधीच नसतं. आम्हाला महत्त्वाचं असतं ते हे, की मागच्या वेळी इथे किती होतं, आज किती आहे आणि फरक कोणत्या दिशेने चालला आहे. दुसरं म्हणजे तापमान. एक किलोमीटरचा रूळ मोकळा असेल तर दहा अंशांनी तापल्यावर तो सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबतो. म्हणून लांब जोडरुळाचं काम काढताना रुळाचं तापमान आधी लिहितात. तापमानाशिवायचं माप म्हणजे अर्धं माप.

शरीरालाही हेच लागू आहे. एकाच दिवसात वजन किलो-दीड किलोने वरखाली होतं, आणि त्यात चरबीचा संबंध नसतो. पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न एवढंच कारण असतं. म्हणून माझे नियम असे : टेप एकच, जागा एकच, वेळ एकच. सकाळी उठून प्रातर्विधी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. दोनदा मोजायचं, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वजन आठवड्यातून तीनदा घेऊन त्याची सरासरी लिहायची, कंबर पंधरा दिवसांतून एकदा. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणली जाते, तिला अधूनमधून पोलादी टेपशी ताडून पाहायचं. आणि पोट आत ओढायचं नाही! निरीक्षण गाडी येणार म्हणून तेवढाच तुकडा दुरुस्त करावा, तसा तो प्रकार आहे.

वहीत तारीख, वजन, नाभीवरची कंबर, मधली कंबर, मान आणि ताकदीचं एक माप, असे सहा रकाने आहेत. नाभीवरची कंबर सूत्रासाठी आणि मधली ९०-८० च्या मर्यादेसाठी. दोन्ही मिसळू नयेत. ताकदीचं माप म्हणजे काय, तर हात न टेकता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं, किंवा फलाटावरचा पादचारी पूल न थांबता चढता येतो का. चरबी कमी होताना स्नायूही झडत नाहीत ना, हे त्यातून कळतं.

माझ्या वहीतले आठ महिन्यांचे आकडे सांगतो. वजन ६९ चं ६८ झालं, म्हणजे काट्याच्या हिशेबाने काहीच घडलं नाही. नाभीवरची कंबर ९२ ची ८८ झाली, मधली ९० ची ८६. मान तीच. सूत्राने चरबी २४.० वरून २१.२ टक्क्यांवर आली. गणित पुढे नेलं तर चरबी दोनेक किलो घटली आणि बाकीचं शरीर किलोभर वाढलं असं निघतं, पण त्या किलोच्या आकड्यावर मी सही करणार नाही. टेपवरच्या चार सेंटिमीटरवर मात्र डोळे मिटून करीन, कारण सोळा नोंदी एकाच दिशेने उतरत आल्या आहेत. खुर्चीवरचं उठणं-बसणं ११ वरून १७ वर गेलं. उंचीच्या निम्मे म्हणजे ८४; तिथे पोहोचायला अजून दोन सेंटिमीटर बाकी आहेत.

यासाठी केलं काय, असं सहकारी विचारतात. विशेष काही नाही. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हा सर्वमान्य सल्ला पाळला. रवींद्र सरोवराला पहाटे गेलात तर अर्धं दक्षिण कोलकाता तिथे चालताना भेटतं. पण चालून झाल्यावर कचोरी-जिलबीच्या दुकानापाशी तेच लोक पुन्हा भेटतात, हेही खरं. चालण्याबरोबर बैठका आणि भिंतीवरचे जोर मी मुद्दाम धरले, कारण आपली मूळ उणीव स्नायूंची आहे. ताटात भात थोडा कमी करून डाळ, उसळ, मासा वाढवला. या शहरात मासा वाढवण्याइतकं सोपं पथ्य दुसरं नसेल. आमचे ट्रॅकमन आणि कीमॅन रोज रुळांवरून मैलोगणती चालतात, अवजारं उचलतात. बढती मिळत गेली की आपण खुर्चीत बसतो आणि ताट मात्र जुन्याच मापाचं राहतं. घरून कौतुक होतं, ‘खात्यापित्या घरचा दिसतोस.’

काही सावधगिरीचे शब्द. गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुलं यांच्यावर ही सूत्रं लावू नका. मुलांच्या देखत तर टक्केवारीची चर्चाही नको. काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल किंवा पोट अचानक फुगत असेल, तर वही मिटून डॉक्टरांकडे जा. आणि टेप रक्ततपासणीची जागा घेत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः घरात मधुमेह असलेल्यांनी, वजन कितीही कमी असलं तरी उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. माझ्या त्या सहकाऱ्याने आधी तपासली नव्हती, ती केवळ बारीक होता म्हणून. आज तो औषध घेतो, रोज चालतो, आणि त्याच्या वहीतली कंबर माझ्यापेक्षा लवकर उतरते आहे.

आता सणांचे दिवस. आज मोदक आहेत, मग पूजा येईल, लक्ष्मीपूजा, कालीपूजा, दिवाळी. या दिवसांत रोज काट्यावर उभं राहून स्वतःचा आणि घरच्यांचा विरस करू नका. मोदक आनंदाने खा. फक्त एक करा. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी टेप घ्या आणि पहिली ओळ लिहा. दुसरी पंधरा दिवसांनी. पहिल्या आकड्याला फारसा अर्थ नाही, दुसऱ्यालाही नाही. सहा-सात आकडे झाले की त्यांची रेषा दिसू लागेल, आणि ती रेषा तुम्हाला खरं ते सांगेल. बाप्पाला आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो. तो येईल तेव्हा आपल्या प्रत्येक घरात वर्षभर भरलेली एक वही असावी, आणि आपल्या मंडळींपैकी एकालाही ‘पण मी तर बारीक आहे’ असं डॉक्टरांसमोर म्हणायची वेळ येऊ नये, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!